वाकलेल्या पाठीचा हिशेब

(कारंजा लाड येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे आहे, पीकविम्यावर बोलायचे आहे. त्यांच्या मध्ये हा पाठीचा विषय कुठून आला, असे सकाळपासून चार जणांनी विचारले. विचारणारे चारही पुरुष होते. मागे बसलेल्या बायांपैकी एकीनेही विचारले नाही.

कारंजा हे कापसाच्या मापाचे गाव. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने इथला कापसाचा बाजार नियमाखाली आला. देशातल्या नियंत्रित बाजारांचा इतिहास लिहिणारे या गावापासून सुरुवात करतात. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे इथे कापूस रीतसर तोलला जातो, त्याची प्रत पाहिली जाते, ओलावा धरला जातो. तो कापूस वेचणाऱ्या पाठीचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नाही. कृषिमूल्य आयोगाचे उत्पादनखर्चाचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. त्यात बैलजोडीची मजुरी आहे, औजारांचा घसारा आहे, घरच्या माणसांची मजुरी रोजंदारीच्या दराने धरलेली आहे. वखराची पास झिजते म्हणून पैसे धरतात, पण माणसाचा कणा झिजतो त्याला रकाना नाही. शेतकऱ्यांसाठी सरकारची अपघाताची योजना आहे. वीज पडली, साप चावला तर त्यातून मदत मिळते. तीस वर्षे हळूहळू वाकत गेलेली पाठ हा काही अपघात नव्हे, म्हणून ती तिथेही बसत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. शेतकी महाविद्यालयात शिकलो आणि पुढे चळवळीत पडलो. पण रोग ओळखायची जी शिस्त पिकावर शिकलो, ती इथेही कामाला येते. वावरात ज्वारी लोळली. आता ती कशाने लोळली? वाऱ्या-पावसाने आडवी झाली असेल, युरिया जास्त पडून ताट लुसलुशीत झाले असेल, नाहीतर खडखड्या लागला असेल. धुऱ्यावरून पाहिले तर तिन्ही ताटे सारखीच आडवी दिसतात. बुडाजवळ ताट चिरल्यावर खडखड्याचे काळे धागे दिसतात आणि मग कळते. न चिरता औषध आणणारा शेतकरी दुकानदाराचे घर भरतो. पाठीचे अगदी तसेच आहे. "म्हातारपणाने वाकली", "वाताने वाकली", "कामाने वाकली" ही धुऱ्यावरून पाहून दिलेली उत्तरे झाली.

आपल्याकडे याला पोक म्हणतात, बाक म्हणतात, जास्त असले तर कुबड म्हणतात. डॉक्टरी नाव कायफोसिस. मुळात प्रत्येकाच्याच पाठीला, खांद्याच्या मागे, थोडा बाक असतोच. छातीच्या भागात बारा मणके आहेत, त्यांचा पुढे झुकणारा कोन साधारण वीस ते चाळीस-पंचेचाळीस अंशांचा. हा कोन बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मोजता येतो. त्यापलीकडे गेला की डॉक्टर त्याला विकृती म्हणतात. तेव्हा पाठ दुखते म्हणून गेलात आणि फोटो फक्त समोरून काढला, तर बाजूनेही काढा म्हणून सांगा.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. भिंतीला टाचा, ढुंगण आणि पाठ टेकवून उभे राहायचे, नजर सरळ. डोके भिंतीला टेकते का? टेकत नसेल तर जमिनीवर उशी न घेता उताणे पडायचे. पडल्यावर पाठ सपाट झाली, डोके जमिनीला लागले, तर बाक बहुधा सवयीचा आणि स्नायूंच्या अशक्तपणाचा आहे. पडूनही पाठ सरळ होत नसेल तर मणक्यांतच काहीतरी घडले आहे असे धरून दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट पाहायची. पाठीवरून वरून खाली हात फिरवा. बाक गोल आहे, कमानीसारखा, की एखाद्या जागी टोक आल्यासारखे हाताला लागते? टोक लागले तर उशीर करू नका. का ते पुढे सांगतो.

आता आपल्या कामाचे. संकरित कपाशी येण्यापूर्वी देशी कपाशी सरत्याने पेरत. सरत्यामागे बाई उभ्याने चालायची. संकरित बियाणे महाग, म्हणून फुलीवर टोबणी आली आणि प्रत्येक फुलीवर वाकणे आले. मग निंदण बसून, खुरप्याने. त्यानंतर वेचणी. ऑक्टोबरपासून पुढे तीन-चार महिने कमरेला ओटी, ओटीत कापूस, म्हणजे ओझे पुढे आणि कंबर वाकलेली. संध्याकाळी गाठोडे डोक्यावर. पुरुषही राबतात, नाही म्हणत नाही. पण डवरणी, वखरणी, फवारणी ही पुरुषांची कामे उभ्याने होतात आणि टोबणी, निंदण, वेचणी ही बायांची कामे वाकून होतात. ही वाटणी कोणी ठराव करून केलेली नाही, तरी ती आहे.

अशा कामाने कणा खरोखर वाकतो का, की हा आमचा नुसता कळवळा? जपान आणि कोरियात भातलावणी आणि भाजीपाल्याच्या शेतात आयुष्य काढलेल्या बायांमध्ये कमरेतून पुढे झुकलेला कणा फार दिसतो. जपानी डॉक्टरांनी १९८८ साली त्याचे सविस्तर वर्णन करून त्याला वेगळे नाव दिले. वर्षानुवर्षे वाकून आणि उकिडवे बसून काम केल्याने कण्याला मागून ओढून धरणारे कमरेचे स्नायू क्षीण होतात, त्यांच्या जागी चरबी भरते. मग बाई सकाळी सरळ निघते आणि शंभर-दोनशे पावले चालली की पुढे झुकते. चढ चढवत नाही. भरलेली घागर पुढे धरून उचलता येत नाही. ओट्याशी उभी राहिली की कोपर टेकवते. या खुणा ऐकून मागच्या बाजूला माना हलल्या, त्या आम्हाला इथून दिसल्या. कोरियातल्या बायांची नावे वेगळी, पण वावरातले वाकणे हेच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची गोष्ट याहून कामाची आहे. तिथे सालाद आणि बीटच्या विरळणीसाठी मजुरांना फूट-दीड फूट दांड्याची कुदळी देत. दांडा आखूड, म्हणून दिवसभर कंबर दुमडून काम. मालक म्हणत, लांब दांड्याने रोप कापले जाते, नेमकेपणा राहत नाही. मजूर म्हणत, आखूड दांडा एवढ्यासाठी की कोण सरळ उभा राहिला हे मुकादमाला लांबून दिसावे. सीझर चावेझ हा तिथला शेतमजुरांचा पुढारी स्वतः ती कुदळी चालवून पाठदुखी घेऊन बसला होता. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ साली त्या औजारावर बंदी आली. लांब दांडा आला. सालादचे पीक त्यामुळे बुडाले नाही, आजही तिथूनच देशभर जाते.

आपल्याकडे बंदीची मागणी आम्ही करणार नाही, खुरप्याला पोलीस कुठे लावता! पण सायकल कोळपे आहे, लांब दांड्याचे हातकोळपे आहे, टोबणीसाठी उभ्याने बी सोडायची नळीची यंत्रे आहेत. ती विकत घेताना घरातला पुरुष म्हणतो, "बाया आहेत ना." फवारणीचा पंप बॅटरीवरचा घेताना हेच तोंड गप्प असते. दोन तासांमधले तण कोळप्याने गेले तर खुरपे फक्त झाडाच्या बुडाशी लागते, वाकणे निम्म्यावर येते. वेचणीला मात्र असा सोपा तोडगा नाही. तिथे ओटी जड होऊ न देता वरचेवर रिकामी करणे, आणि प्रत्येक तास संपला की कमरेवर हात ठेवून चार वेळा मागे झुकणे, एवढे करता येते. त्याला रोजाचे पैसे कापायचे नाहीत, हे वावराच्या मालकाने मान्य करायचे आहे. आणि मालक म्हणजे इथे आपणच.

वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे सर्वांना माहीत आहेत. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नसे, उभे राहायचे नाहीतर आडवे पडायचे. १९८५ ची भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत आडवे पडून केली. लोक हे उदाहरण सहनशक्तीचे म्हणून सांगतात. आम्ही ते वेगळ्या कारणासाठी सांगतो. त्या माणसासाठी गाडीत पलंग बसवला गेला. आपल्या घरात वाकलेल्या आजीसाठी आपण चुलीचा ओटासुद्धा उंच करत नाही.

हे झाले कामाचे. पण सगळे बाक कामावर ढकलले तर लेकरे मरतील, म्हणून आता त्या हाताला लागणाऱ्या टोकाकडे येतो.

क्षय म्हणजे फक्त खोकला नव्हे. क्षयाचे जंतू रक्तातून मणक्यात जातात, मणक्याचा पुढचा भाग खातात आणि मणका पुढे ढासळतो. मागे टोकदार कुबड येते. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली हे लिहून ठेवले, पण औषध यायला पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. खुणा अशा: पाठ सतत दुखते, रात्री जास्त. लेकरू झोपेत कण्हत उठते. संध्याकाळी कणकण, भूक नाही, वजन उतरते. खाली पडलेली वस्तू उचलताना कंबर न वाकवता गुडघ्यात बसून उचलतो. कधी कमरेत किंवा जांघेत गळू येते, पण ते गरम नसते. आणि पायांत मुंग्या, चालताना पाय अडखळणे, लघवी अडणे असे झाले तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही, कारण तिथे मज्जारज्जू दाबला जातो आहे.

आमच्या माहितीतल्या एका गावात सातवीतल्या मुलाची पाठ दुखू लागली. आधी तेल झाले. मग पायाळू माणसाची लाथ झाली, उसण भरली म्हणून. मग एका खाजगी दवाखान्यात आठ महिने सलाइन आणि वेदनेची इंजेक्शने झाली, एक पट्टा दिला. बाजूचा फोटो कोणी काढला नाही. पाय लुळे पडल्यावर मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा क्षय निघाला, दोन मणके गेलेले. औषधाने आणि शस्त्रक्रियेने तो आज चालतो, पण कुबड राहिले आणि दोन एकर वावर गहाण आहे. ही आठ महिन्यांची किंमत. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

एक गोष्ट ठासून सांगतो: ढासळलेल्या मणक्यावर लाथ, पाठ तुडवणे, मणके बसवणाऱ्याचा झटका, यातले काहीही चालत नाही. लचक भरलेल्या तरण्या माणसाला पायाळूच्या पायाने बरे वाटत असेल, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण कोणती पाठ लचकली आणि कोणती आतून पोखरली, हे पायाळूला कळत नाही.

मणक्याचा क्षय औषधाने बरा होतो. पूर्वी रोग्याला महिनोन्महिने प्लास्टरच्या खाटेत निजवून ठेवत. १९६० नंतर कोरिया, हाँगकाँग आणि पुढे मद्रास येथे रोग्यांचे गट पाडून वर्षानुवर्षे तपासले गेले. औषध नीट घेतले तर निजवून ठेवण्याने किंवा प्लास्टरने वेगळा फायदा होत नाही, रोगी हिंडता-फिरता बरा होतो, असे कोरियात दिसले. सध्या आपल्याकडे हाडाच्या क्षयाला साधारण बारा महिने औषध देतात, गरज पडली तर अठरा. तीन महिन्यांत दुखणे थांबते आणि लोक गोळ्या सोडतात, तिथे घात होतो. पाय लुळे पडू लागले किंवा मणका फार ढासळला तर शस्त्रक्रिया लागते. लहान मुलांचे आणखी एक आहे. कोइमतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी मद्रासच्या त्या बऱ्या झालेल्या मुलांचा पंधरा वर्षे माग ठेवला. क्षय संपल्यावरही काही मुलांचा बाक वाढीबरोबर कमी झाला, तर काहींचा वाढतच गेला. म्हणून क्षयातून उठलेल्या लेकराचा बाजूचा एक्स-रे त्याची वाढ संपेपर्यंत दरवर्षी काढायचा. रोग्याला सरकारकडून पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ते खात्यात येतात की नाही, एवढे तरी गावच्या कार्यकर्त्याने पाहावे.

तरुण पोरांचे दोन प्रकार थोडक्यात. बारा-पंधरा वर्षांच्या वयात मणक्यांचा पुढचा भाग कमी वाढून पाठ गोल होते. शॉयरमन या डेन्मार्कच्या डॉक्टरने १९२० च्या सुमारास हे एक्स-रेवरून दाखवले. व्यायाम, वाढ चालू असेल तर पट्टा, आणि बाक पंचाहत्तर अंशांच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. दुसरा प्रकार विशी-पंचविशीतल्यांचा. सकाळी उठल्यावर पाठ ताठ, तासभर हालचाल केली की मोकळी, विश्रांतीने उलट जास्त. हा सांध्यांच्या सुजेचा आजार आहे, त्यात मणके एकमेकांना चिकटत जातात. अशा पोराला आळशी म्हणू नका, त्याला तपासा.

आता म्हाताऱ्या बायांची ठिसूळ हाडे. पाळी गेली की हाडांतला चुना झपाट्याने कमी होतो. मग घागर उचलताना, कधी नुसते शिंकताना मणका पुढून चेपतो. एक चेपला, दुसरा चेपला, पाठ गोल होते, उंची कमी होते. दाराच्या चौकटीवर आईची उंची खूण करून ठेवा. दीड इंच कमी झाली तर तो म्हातारपणाचा लाड नाही, मणका मोडल्याची शंका आहे. लहानपणी मुलीला दूध न देता मुलाला दिले, त्याचा निकाल पन्नास वर्षांनी लागतो.

गर्भपिशवी काढण्याचा मुद्दा इथेच येतो. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. आपल्याकडूनही बिऱ्हाडे कोयत्याला जातात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पस्तिशीतल्या बाईच्या हाडांना पाळी गेलेल्या बाईचे वय येते. डॉक्टरने काढा म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, आणि बीजकोश ठेवता येतील का हे तोंडाने विचारा. तसेच गुडघ्यासाठी कागदाच्या पुडीत जी "लगेच गुण येणारी" पांढरी गोळी मिळते, तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने घेतल्यास तेही हाडे पोखरते.

खाण्याचे म्हणाल तर मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे आयसीएमआरने २०२० साली सांगितले. शंभर ग्रॅम ज्वारीत ते पंचवीस-तीस मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या वर. नुसत्या भाकरीवर हिशेब जमत नाही. तिळाची चटणी, पालेभाज्या, ताक हे गरिबाला परवडणारे आहे. पाठीला बाक आल्यावर मात्र खाण्याने तो सरळ होत नाही. पुढचा मणका वाचवायला आठवड्याची गोळी, वर्षाचे इंजेक्शन अशी औषधे आहेत, ती डॉक्टरने तपासून द्यायची. अशा बाईने पालथे पडून छाती उचलणे, भिंतीला पाठ लावून उभे राहणे असे व्यायाम करावे. पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्याचा व्यायाम तिने करू नये, त्याने मणका चेपतो.

शेवटी पाणी. एका घरात एक बाई वाकली तर कारण तिच्या शरीरात शोधायचे. एका गावात पुष्कळ माणसे ताठ झाली, मान वळेना, कणा वाकलेला आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, तर कारण बोअरमध्ये शोधायचे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडचे पाणी पिणारी गावे आहेत. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा झराच नसेल तर दीडपर्यंत, त्यापुढे नाही. हा बाक कोणत्याही औषधाने परतत नाही, म्हणून पाणी बदलणे हाच उपाय. आणि ज्वारी पिकवणाऱ्यांनी ऐकावे असे: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७० च्या दशकात पाहिले की भातापेक्षा ज्वारी खाणाऱ्याच्या अंगात फ्लोराइड जास्त टिकते. याचा अर्थ भाकरी सोडा असा कोणी काढू नये. भाकरी खाणाऱ्या गावाचे पाणी आधी तपासले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

पोकाची लाज हा या सगळ्यातला सर्वांत मोठा अडथळा आहे. कीर्तनात मंथरा कुबडी आणि दुष्ट, दोन्ही एकदमच. मुलीच्या पाठीला टोक आले की आई पदर ओढून घ्यायला शिकवते, सोयरीक मोडेल म्हणून. दोन वर्षे पदराखाली जातात. त्या दोन वर्षांत क्षय असेल तर बरा झाला असता.

खर्चाचे विचाराल तर, २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य नाव झालेली योजना आहे. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत वाशीम होता, म्हणून पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती आधीच लागू झाली. मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया तीत बसतात. भरती होण्याआधी दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठून विचारा, नंतर नाही. अकोल्याचे सर्वोपचार, यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ही जवळची ठिकाणे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणायच्या. ज्यांच्या पाठीला टोक लागते किंवा पाय अडखळतात अशांची नावे, ती आमच्याकडे द्या, व्यासपीठावरून वाचणार नाही. आणि पिण्याच्या प्रत्येक बोअरचे पाणी, एकेक लिटर. बाटली प्लास्टिकची हवी, काचेची नको, काचेत फ्लोराइडचा आकडा बिघडतो. आधी पाच मिनिटे पंप चालवा, त्याच पाण्याने बाटली दोनदा विसळा, मग काठोकाठ भरा आणि चिठ्ठीवर गाव, बोअरची जागा आणि तारीख लिहा. प्रयोगशाळेत नेण्याचे काम आम्ही करू.